हुस जळाला, लूथर वाचला: फरक नेमका कशात?

सज्जा:
युरोपातल्या धर्मसुधारणेवर वाचतोय आणि दोन जागी गाडी अडली आहे.

पहिली जागा. यान हुस या बोहेमियातल्या धर्मोपदेशकाने १४१२ साली प्रागमध्ये इंडल्जन्सच्या (पापाच्या शिक्षेतून माफी देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीवर कोरडे ओढले, पोपपेक्षा बायबल मोठं म्हणाला, धर्मगुरूंच्या पैशाच्या हावरटपणावर बोलला. १४१५ साली कॉन्स्टन्समध्ये चर्चच्या परिषदेने दोषी ठरवल्यावर त्याला जिवंत जाळलं. त्यानंतर १०२ वर्षांनी जर्मनीत मार्टिन लूथर थोड्याफार फरकाने तेच बोलतो आणि १५४६ साली अंथरुणात मरतो. अभयपत्र तर दोघांकडेही होतं. 'तोवर छापखाना आला होता' हे उत्तर जिथेतिथे मिळतं, पण छापखान्यामुळे माणूस चितेवरून खाली कसा उतरतो हे कोणी सांगत नाही.

दुसरी जागा. सगळेच 'फक्त बायबल' म्हणत होते ना? मग १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झुरिकचा सुधारक त्स्विंगली समोरासमोर बसूनही एकमेकांना भाऊ म्हणायला तयार का झाले नाहीत? दोघांचा अहंकार एवढंच कारण आहे का?

बखरवाला:
पहिल्याबद्दल लिहितो. छापखाना बाजूला ठेवा आणि आरोपी कुणाच्या ताब्यात होता ते बघा.

हुस ३ नोव्हेंबर १४१४ ला कॉन्स्टन्सला पोचला आणि २८ नोव्हेंबरला कोठडीत गेला. १३७८ पासून पोपपदाची फूट चालू होती आणि त्या वेळी एक सोडून तीन पोप होते. परिषद भरली होती मुख्यतः ती फूट मिटवायला, आणि त्यासाठी तिने 'पोपपेक्षा परिषद श्रेष्ठ' असा पवित्रा घेतला होता. पोपला घरी बसवायला निघालेल्या लोकांना आपण स्वतः पाखंडी नाही हे दाखवणं भागच होतं. हुसविरुद्ध पुढाकार घेणारे पिएर द'आयी आणि जां जेरसों हे पोपचे भाट नव्हते, ते स्वतः सुधारणावादी होते. ही गोष्ट बहुतेक लेखांत गाळली जाते. तारखा बघा: २९ मे १४१५ ला परिषदेने तिघांपैकी पोप योहान तेविसाव्याला पदच्युत केलं, ४ जुलैला दुसरा पोप ग्रेगरी बारावा याने राजीनामा दिला, ६ जुलैला हुसची चिता पेटली. एकाच कामाचे हे तीन भाग होते.

अभयपत्राचं म्हणाल तर ते जर्मनीचा राजा झिगिस्मुंड याचं होतं. अटकेवर तो आधी भडकला. परिषदच मोडेल अशी धमकी मिळाल्यावर गप्प बसला. शिवाय बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास हा त्याचा सख्खा सावत्र भाऊ, त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणजे पुढे ते राज्य झिगिस्मुंडच्याच पदरात पडणार होतं. वारशात पाखंडाचा डाग त्यालाही नको होता. हुससमोर शेवटी ३० कलमं ठेवली आणि ती शपथेवर सोडून दे म्हणाले. त्यातली काही आपण कधी शिकवलीच नाहीत असं त्याचं म्हणणं. न मांडलेलं मत सोडायची शपथ घ्यायची म्हणजे ते मांडलं होतं अशी खोटी कबुली द्यायची. इथे तो अडला तो अडलाच.

आता लूथर. ऑगस्ट १५१८ मध्ये त्याला ६० दिवसांत रोमला हजर होण्याचं फर्मान मिळालं. तो गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. लूथर ज्याच्या राज्यात राहत होता तो सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) फ्रेडरिक याने खटपट करून चौकशी जर्मन भूमीवर आणली, आणि ऑक्टोबरमध्ये आउग्सबुर्गला कार्डिनल कायेतानसमोर ती झाली. आरोपी रोमच्या हाती कधी लागलाच नाही, सगळ्यात मोठा फरक हा.

मग नशीब. १२ जानेवारी १५१९ ला सम्राट माक्सिमिलियान वारला. नवा सम्राट निवडणार सात इलेक्टर आणि त्यातला एक फ्रेडरिक. स्पेन आणि नेपल्स ज्याच्याकडे आहे त्या चार्ल्सलाच सम्राटपदही मिळावं हे पोप लिओ दहाव्याला नको होतं, म्हणून फ्रेडरिकची मनधरणी सुरू झाली. त्याला मानाचा सोन्याचा गुलाबही पाठवला. २८ जूनला चार्ल्सच निवडून आला. खटल्याला पुन्हा वेग आला आणि १५ जून १५२० ला लूथरच्या ४१ विधानांना दोषी ठरवणारं फर्मान निघालं. आउग्सबुर्गपासून इथवर २० महिने गेले. या २० महिन्यांत काय काय छापलं गेलं ते कोणीतरी लिहा.

वोर्म्सच्या शाही सभेत १५२१ च्या एप्रिलमध्ये लूथर हजर झाला तेव्हा चार्ल्सने अभयपत्र पाळलं आणि परतीला २१ दिवस दिले. वाटेत ४ मे ला फ्रेडरिकच्याच माणसांनी लूथरला 'पळवून' वार्टबुर्गच्या किल्ल्यात ठेवला. लूथरला बहिष्कृत ठरवणारा वोर्म्सचा हुकूम सॅक्सनीत कधी अमलात आला नाही. १५२२ ला चार्ल्स स्पेनला गेला तो १५३० पर्यंत जर्मनीत फिरकला नाही. मागे फ्रान्सशी युद्ध, १५२६ ला मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीला हरवलं, १५२९ ला तुर्क व्हिएन्नाच्या तटाखाली. तुर्कांविरुद्ध पैसा आणि सैन्य जर्मन राजांकडूनच घ्यायचं, तर त्यांच्यावर धर्माचा बडगा उगारणार कोण?

मोडी:
बखरवाला, सगळं पटलं, फक्त 'सख्खा सावत्र' हे काय प्रकरण? बाप एक, आया दोन. नुसतं सावत्र म्हणा.

आणि सज्जा, 'हुस हरला' हे गृहीतच मला मान्य नाही. माणूस मेला, चळवळ नाही मेली. १४२० ते १४३१ या काळात हुसपंथीयांवर पाच धर्मयुद्धं पुकारली गेली आणि पाचही फसली. मागण्या चार कलमांत होत्या: उपदेशाचं स्वातंत्र्य, प्रभुभोजनात सामान्यांना भाकरीबरोबर द्राक्षारसाचा प्यालाही मिळावा, धर्मगुरूंकडे ऐहिक सत्ता आणि मालमत्ता नसावी, उघड पापांना सगळ्यांना सारखीच शिक्षा व्हावी. शेवटी त्यांच्यातच फूट पडली. ३० मे १४३४ ला लिपानीला मवाळ हुसपंथीयांनी कॅथलिकांशी हातमिळवणी करून जहालांना कापून काढलं आणि १४३६ साली बाझलच्या परिषदेशी तह करून प्याला पदरात पाडून घेतला.

१४६२ ला पोप पायस दुसऱ्याने तो तह रद्द केला, तरी बोहेमियात तो मोडला नाही. १४८५ ला कुटना होरामध्ये दोन्ही पंथांना कायद्याने बरोबरीचं स्थान मिळालं. आधी ३१ वर्षांसाठी, मग १५१२ पासून कायमचं. तिथे जमीनदार एका पंथाचा आणि कूळ दुसऱ्या पंथाचं असलं तरी चालत होतं. जर्मनीतल्या १५५५ च्या तहात राजाचा धर्म तोच प्रजेचा, नाही पटलं तर घरदार विकून चालते व्हा, एवढीच सवलत होती. हे सगळं चळवळीने मिळवलं तेव्हा छापील पत्रकांची लाट आलेली नव्हती. म्हणून छापखाना हे एकमेव कारण मानणाऱ्यांना मी आधी बोहेमिया दाखवतो.

बखरवाला:
सावत्रच. चुकून दोन्ही शब्द पडले.

ताम्रपट:
इंडल्जन्सबद्दल एक गैरसमज आधी दूर करू, नाहीतर हुस आणि लूथर कशावर भडकले हेच कळत नाही. 'पैसे द्या, पापं माफ' असं चर्चचं अधिकृत म्हणणं कधीच नव्हतं.

शिकवण अशी. पापाचे दोन हिशेब असतात. दोष मिटतो तो पश्चात्ताप आणि कबुलीने, धर्मगुरूने क्षमा उच्चारली की. पण शिक्षेचा काही भाग उरतो. तो इथे उपास, प्रार्थना, यात्रा, दानधर्म करून फेडायचा, नाही फिटला तर मेल्यावर शुद्धिस्थानात. इंडल्जन्स फक्त या उरलेल्या शिक्षेची माफी. ती द्यायला शिल्लक कुठून आणायची? ख्रिस्त आणि संत यांच्या पुण्याच्या साठ्यातून, आणि त्या साठ्यावर अधिकार पोपचा. हे १३४३ साली क्लेमेंट सहाव्याने लेखी मांडलं. १४७६ साली सिक्स्टस चौथ्याने ही माफी शुद्धिस्थानातल्या मृतांनाही लागू केली.

घोडं पेंड खातं ते इथे. जिवंत माणसाने माफी घ्यायची तर कबुली आणि पश्चात्ताप आवश्यक. आर्चबिशप आल्ब्रेख्टच्या नावाने विक्रेत्यांसाठी ज्या सूचना निघाल्या त्यांत मात्र स्पष्ट म्हटलं होतं की मृतांसाठी पैसे टाकणाऱ्याला ना कबुलीची गरज, ना पश्चात्तापाची. म्हणजे अख्ख्या व्यवस्थेतला पश्चात्ताप काढून टाकला आणि पेटी तेवढी ठेवली. त्याच सूचनांत दरपत्रकही आहे, ऱ्हाइनच्या सोन्याच्या गुल्डनमध्ये: राजे, राण्या, बिशप यांना २५, मठाधिपती, काउंट, बॅरन यांना १०, वर्षाला ५०० गुल्डन मिळवणाऱ्यांना ६, २०० मिळवणाऱ्या व्यापाऱ्यांना ३, कारागिरांना १, त्याखालच्यांना अर्धा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने उपास आणि प्रार्थना करावी.

पैसा कुठे जात होता? आल्ब्रेख्ट १५१३ ला माग्डेबुर्गचा आर्चबिशप आणि हाल्बरश्टाटचा प्रशासक झाला, १५१४ ला माइन्झचाही आर्चबिशप, वय २४. वय कमी आणि पदं एकापेक्षा जास्त, दोन्हींसाठी रोमची खास सूट लागत होती. माइन्झचे तीन आर्चबिशप दहा वर्षांत वारले होते (१५०४, १५०८, १५१४) आणि प्रत्येक नव्या नेमणुकीला रोमला मोठी फी भरावी लागे, त्यामुळे तिथली मंडळी मेटाकुटीला आलेली. आल्ब्रेख्ट म्हणाला, या वेळची मी भरतो. फुगर पेढीकडून २९,००० गुल्डन कर्ज काढलं. फेडीसाठी आठ वर्षं इंडल्जन्स विकायची परवानगी मिळाली: निम्मे रोमला संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामाला, निम्मे फुगरला. हा सौदा १५१७ साली लूथरला माहीतच नव्हता.

फ्रेडरिकने टेट्झेल या इंडल्जन्सविक्याला आपल्या हद्दीत विक्रीला मज्जाव केला, पण त्याला फार सोवळा समजू नका. त्याच्याकडे एकोणीस हजारांवर पवित्र अवशेष होते आणि त्यांच्या दर्शनालाही माफी जोडलेली होती. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात कशाला जाऊ द्या. पण विटेनबर्गची माणसं सीमा ओलांडून युटरबोगला गेलीच आणि माफीची पत्रं घेऊन कबुलीला लूथरसमोर येऊन बसली.

सज्जा:
हे जबरदस्त आहे. मग लूथरने इंडल्जन्सविरुद्धची ९५ कलमं विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकली हे खरं की दंतकथा?

शिळाप्रेस:
पक्कं एवढंच की ३१ ऑक्टोबर १५१७ ची तारीख असलेलं आल्ब्रेख्टला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे आणि कलमं त्यासोबत गेली. डिसेंबरमध्ये आल्ब्रेख्टने ती रोमकडे रवाना केली. दाराची गोष्ट लूथरने स्वतः कधी लिहिली नाही. ती छापील स्वरूपात येते लूथरचा सहकारी मेलांख्टन याच्याकडून, १५४६ मध्ये, लूथर गेल्यावर. आणि मेलांख्टन विटेनबर्गला आला तोच १५१८ च्या ऑगस्टमध्ये. १९६१ साली एर्विन इझरलोह या कॅथलिक इतिहासकाराने 'हे घडलंच नाही' अशी मांडणी केली. २००६ ला लूथरचा सहायक ग्योर्ग रोरर याची एक हस्तलिखित नोंद पुढे आली, तिच्यात 'चर्चांच्या दारांवर' असा उल्लेख आहे, पण तोही साक्षीदार नव्हे. लावली असलीच तर त्यात बंड काही नाही. वादसभेची सूचना लावायची जागाच ती होती. हातोडा चित्रकारांनी दिला.

आणि कलमं वाचली तर चकित व्हाल. लूथर त्यांत शुद्धिस्थान नाकारत नाही, पोपही नाकारत नाही. ७१ वं कलम तर इंडल्जन्सच्या सत्याविरुद्ध बोलणाऱ्याला शाप देतं! दुसरीकडे ८२ वं विचारतं की पोपला पैशासाठी जीव सोडवता येतात तर प्रेमापोटी सगळं शुद्धिस्थान रिकामं का करत नाही.

छापखान्याबद्दल मोडींशी निम्मा सहमत. कलमं लॅटिनमध्ये, ती वाचणार विद्वानच. खरा स्फोट १५१८ च्या छोट्या जर्मन प्रवचनाचा: इंडल्जन्स आणि कृपा या विषयावर वीस मुद्दे, सगळं मिळून आठ पानं. आठ पानं म्हणजे छापखान्याच्या एकाच तावाच्या दोन घड्या. एका ताव कागदात पूर्ण पुस्तिका होते, शिवणकाम जवळपास नाही, भांडवल अडकत नाही, दोन दिवसांत पुढच्या शहरातला छापणारा नक्कल काढतो. जाड ग्रंथात मुद्रकाचा पैसा वर्षभर अडकतो. लूथरने लिखाणाची लांबी या गणितात बसवली, हे त्याचं मोठं कसब. १५२० च्या ऑगस्टमध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तकाच्या ४,००० प्रती काही दिवसांत संपल्या. बखरवालांच्या २० महिन्यांत हे चाललं होतं. पोपचं फर्मान लूथरच्या हातात पडलं १० ऑक्टोबर १५२० ला, मुदत ६० दिवस, आणि मुदत संपताच, १० डिसेंबरला, लूथरने ते जाळलं. तोवर त्याला गुपचूप उचलणं कोणाला परवडणारं नव्हतं.

उंबरठा:
मारबुर्गकडे येतो. अहंकार होता, पण कारण तो नव्हे.

बैठक बोलावली हेसेचा राजा फिलिप याने, कारण राजकीय. एप्रिल १५२९ ला श्पायरच्या शाही सभेत बहुमताने १५२६ ची सवलत (धर्माचं ज्याने त्याने आपापल्या हद्दीत ठरवावं ही) काढून घेतली. त्याचा निषेध केला ६ राजांनी आणि १४ शहरांनी. प्रोटेस्टंट हे नाव तिथलंच. फिलिपला जर्मन राजे आणि स्विस शहरं यांची एकच संरक्षक फळी हवी होती आणि लूथरवाल्यांचा हट्ट होता की श्रद्धा एक असल्याशिवाय युती नाही.

१ ऑक्टोबरला आधी जोड्यांनी चर्चा ठेवली: लूथर आणि त्स्विंगलीचा साथी इकोलाम्पाडियुस, त्स्विंगली आणि मेलांख्टन. दोन तापट माणसं पहिल्याच दिवशी एका खोलीत नकोत, एवढी समज फिलिपला होती. २ आणि ३ तारखेला सगळ्यांसमोर वाद. मुद्दा हा की प्रभुभोजनातल्या भाकरी-द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर शरीराने असतो का. लूथरने सुरुवातीलाच खडूने टेबलावर 'हे माझं शरीर आहे' हे ख्रिस्ताचे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि त्यावर कापड ओढलं. पुढे पुरावा मागितल्यावर कापड बाजूला केलं. त्स्विंगलीचा आधार योहानाच्या सहाव्या अध्यायातला: देहाचा काही उपयोग नाही, जिवंत करतो तो आत्मा. त्याचा युक्तिवाद असा: ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडे आहे, मानवी शरीर एका वेळी एकाच जागी असतं, मग ते हजार वेद्यांवर कसं असेल? लूथर म्हणे, भूमिती देवाला शिकवू नका. शब्द स्पष्ट आहे तिथे बुद्धी चालवायची नाही.

बारकाईने बघाल तर दोघंही 'फक्त बायबल'च म्हणतात. प्रश्न आहे की दोन वचनं भिडली तर कुठल्या वचनाने कुठलं वाचायचं आणि निकाल कोण देणार. रोमकडे त्यासाठी पोप आणि परिषद होती. यांनी ते न्यायालय बंद केलं आणि दुसरं उघडलं नाही. मग निकाल प्रत्यक्षात देऊ लागली ती त्या-त्या शहराची नगरसभा किंवा तिथला राजा. त्स्विंगलीला त्याने मांडलेल्या ६७ कलमांवर जय दिला तो १५२३ ला झुरिकच्या नगरसभेने. तिथे बिशपचे प्रतिनिधी जवळपास प्रेक्षक होते.

एवढं होऊन ४ ऑक्टोबरला १५ कलमांवर सह्या झाल्या. चौदांवर पूर्ण एकमत. पंधराव्यातही बहुतेक मुद्दे जुळले. राहिलं एकच, शरीर आणि रक्त भाकरी-द्राक्षारसात शारीरिक रूपाने आहे का. घामाच्या तापाची साथ गावात शिरली होती, त्यामुळे मुक्कामही आटोपता घ्यावा लागला.

त्या अर्ध्या कलमाची किंमत मोजली गेली. १५३० ला आउग्सबुर्गला सम्राटापुढे एक सोडून तीन कबुलीपत्रं (आपली श्रद्धा काय ते सांगणारी निवेदनं) गेली: लूथरवाल्यांचं, चार दक्षिणी शहरांचं, त्स्विंगलीचं. १५३१ च्या श्माल्काल्डेन युतीत, म्हणजे प्रोटेस्टंट राजे आणि शहरांच्या संरक्षक फळीत, झुरिक नव्हतं. त्याच वर्षी झुरिकने पाच कॅथलिक प्रांतांची धान्याची वाट अडवली. ते चालून आले आणि ११ ऑक्टोबरला कापेलला त्स्विंगली मारला गेला. १५५५ च्या तहात मान्यता मिळाली ती फक्त लूथरवाल्यांच्या आउग्सबुर्ग कबुलीपत्राला. त्स्विंगली-कॅल्विनच्या परंपरेला साम्राज्यात कायद्याने उघड जागा मिळायला १६४८ उजाडलं.

जुनी_वही:
उंबरठा, 'सवलत काढून घेतल्याचा निषेध' यात एक पाचर मारते. त्याच श्पायरच्या सभेत २३ एप्रिल १५२९ ला प्रौढ बाप्तिस्मा घेणाऱ्यांना देहदंड देणारा शाही हुकूम निघाला आणि त्याला निषेधकर्त्यांचीही हरकत नव्हती. विवेकाचं स्वातंत्र्य स्वतःपुरतंच.

सुरुवात त्स्विंगलीच्याच शिष्यांकडून झाली. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा बायबलमध्ये कुठे आहे, असं विचारत २१ जानेवारी १५२५ ला कॉनराड ग्रेबेलने झुरिकमध्ये ग्योर्ग ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. नगरसभेने १५२६ च्या मार्चमध्ये बुडवून मारण्याची शिक्षा जाहीर केली. ५ जानेवारी १५२७ ला फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमाट नदीत सोडलं. एवढी भीती का? जन्मतः बाप्तिस्मा म्हणजे गावात जन्मलेला प्रत्येक जण आपोआप चर्चचा आणि त्या गावाच्या शिस्तीतला. तो काढला की मंडळी ही स्वेच्छेने यायची जागा होते आणि सत्तेचा हात सुटतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत श्लाइटहाइमला सात कलमं ठरली, त्यांत तलवार आणि शपथ दोन्ही नाकारली. नागरिकत्वच दरवर्षी शपथ घेऊन टिकवणाऱ्या शहरांत याचा अर्थ उघड बंड असाच घेतला जाणार.

सज्जा:
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: रोमने पुढे विक्री थांबवली की नाही?

ताम्रपट:
थांबवली, पण लूथरच्या हयातीत नाही. कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद १५४५ ते १५६३, मधे मोठे खंड पडत चालली. १५६२ साली तिने दान गोळा करत फिरणाऱ्या इंडल्जन्सविक्यांचं पदच रद्द केलं आणि १५६७ ला पायस पाचव्याने पैशाच्या व्यवहाराशी जोडलेल्या माफ्या रद्द केल्या. शिकवण मात्र कायम ठेवली, आजही आहे. कृपेने तारण कसं होतं यावर लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांची संयुक्त घोषणा ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये सह्यांनिशी झाली. इंडल्जन्सचा वाद त्या मसुद्यात घेतलेला नाही.

उंबरठा:
आणि मारबुर्गच्या पंधराव्या कलमाचं पुढे काय झालं, तर १९७३ च्या लॉयेनबेर्ग करारात युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड (त्स्विंगली-कॅल्विन परंपरेच्या) चर्चांनी एकमेकांना प्रभुभोजनात सामील करून घ्यायचं मान्य केलं. त्या हिशेबाने ४४४ वर्षं.